एकाची खरेदी, सहा जणांचा डाव

(बेळगावचा किल्ला, खंदक)
१४७० च्या दशकात महमूद गवानने बहामनी सुलतानासाठी जिंकलेला हा किल्ला.

(शहापूर, माडीवरची खोली)
इथून जवळच, शहापुरात, तोच काळ रोज रात्री पडद्यावर मांडला जातो. खेळ युरोपा युनिव्हर्सलिस चार, स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने २०१३ मध्ये काढलेला संगणकावरचा खेळ. प्रत्येक भिडू एकेक राज्य चालवतो. डाव ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो. दख्खनमध्ये बहामनी आणि विजयनगर समोरासमोर.

मूळ खेळ सहाही पोरांनी आपापला घेतलाय. खिसा रिकामा होतो तो नंतरच्या डीएलसींनी, म्हणजे मूळ खेळाला जोडायच्या, वेगळ्या विकत मिळणाऱ्या पुरवण्यांनी. २०१८ ची ‘धर्मा’ खास भारतावरची. ती नसेल तर मुघल घेऊनही त्यांची खरी ताकद हाती येत नाही. अशा कितीतरी, आणि प्रत्येकीचे पैसे वेगळे.

पण ऑनलाइन डावात डीएलसी होस्टकडे, म्हणजे डाव मांडणाऱ्याकडे, असली की झालं. त्या डावापुरती ती सगळ्यांना मिळते. ही चोरी नव्हे, कंपनीनंच ठेवलेली सोय आहे, आणि प्रत्येक कंपनीनं ती ठेवायला हवी. म्हणून ही पोरं भिशीसारखी वर्गणी काढतात, सेल लागायची वाट बघतात आणि सगळं एकाच, होस्टच्या, खात्यावर घेतात.

(वही, जवळून)
नाव, रक्कम, कोणती डीएलसी. पुढे सही.

(लाँचर, खेळ सुरू करायचा पडदा)
डाव मांडण्याआधी होस्ट यादी उघडतो. ठरलेल्या डीएलसी चालू, बाकीच्या बंद. डाव संपेपर्यंत यादीला हात लावायचा नाही, हा इथला कडक नियम. मग व्हॉट्सॲपवर निपाणीहून, खानापूरहून खेळाच्या मेनूचे फोटो येतात. आवृत्तीच्या आकड्यापुढची ही चार अक्षरं बघा. हा चेकसम, सगळ्यांकडचा खेळ सारखाच आहे ना हे पडताळायची खूण. तो जुळला नाही तर भिडू आत येत नाही. बहुतेक वेळा कुणाचं तरी अपडेट राहिलेलं असतं, नाहीतर एखादा मॉड, म्हणजे खेळात केलेला बाहेरचा बदल, चालू राहिलेला असतो. डीएलसी कमी आहेत म्हणून कुणी अडत नाही.

(हेडफोन लावलेले चेहरे)
धारवाडचा भिडू कन्नडात विचारतो, निपाणीचा मराठीत सांगतो. तह होतो.

रात्री डावावरून उठताना सेव्ह फाइल ग्रुपवर टाकायची. होस्टचा लॅपटॉप बसला तरी डाव वाचतो.

डीएलसी मात्र वाचत नाहीत. त्या खात्याला चिकटलेल्या, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. होस्ट नोकरीला बाहेरगावी गेला आणि खेळणं सुटलं, तर वर्गणीचे निम्मे पैसे त्यानं परत करायचे, असं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय.