निळूभाऊंचा खालचा आवाज

मंडळी, आज निळू फुल्यांच्या अभिनयाबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात माझ्या आजीपासून करतो.

ओझरला चंपाषष्ठीला खंडोबाची यात्रा भरते, हे तुम्हा नाशिककरांना सांगायला नको. मी शाळेत होतो तेव्हा त्या यात्रेत तंबूतलं थेटर यायचं. बाहेर जनरेटरची धडधड, आत अंथरलेलं बारदान, डिसेंबरची थंडी आणि बायकांसाठी मधे दोरी बांधून वेगळी केलेली जागा. आजी मला तिच्या घोंगडीत घेऊन बसली होती. सिनेमा होता 'एक गाव बारा भानगडी'. पडद्यावर निळूभाऊंचे झेले अण्णा आले. ओरडले नाहीत, कुणावर हात उगारला नाही. डोळे बारीक केले आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलले. आजीनं पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला म्हणाली, "हा मेला आपल्याकडचाच दिसतोय गं."

घरी येताना तिनं मला सांगितलं की तिच्या माहेरी अगदी असाच एक माणूस होता. असंच बघायचा, असंच बोलायचा. आता विचार करा. पुण्यात वाढलेला एक नट, निफाड तालुक्यातल्या त्या वाडीवर तो कधी गेला असण्याची शक्यता नाही. मग आजीच्या माहेरचा माणूस त्याला कुठे भेटला? मी आयुष्यभर हौशी रंगभूमीवर कामं केली, तीही बहुतेक दुय्यम, आणि हा प्रश्न मला पन्नास वर्षं पुरला आहे. आज त्याचं मला सापडलेलं उत्तर तुमच्यापुढे ठेवतो.

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० सालचा. वडील लोखंडाचं सामान आणि भाजी विकायचे. घरात अकरा भावंडं. शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलं आणि पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात त्यांनी माळीकाम धरलं. पगार महिन्याला ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. अकरा भावंडांच्या घरातल्या कमावत्या मुलानं ऐंशीतले दहा बाजूला काढायचे म्हणजे काय, हे इथे बसलेल्या ज्येष्ठ मंडळींना मी समजावत नाही.

मला त्या माळीकामाबद्दल थोडं थांबून बोलायचं आहे. लेखांमध्ये ते एका वाक्यात उरकलं जातं, 'सुरुवातीला माळी होते' आणि पुढे. माळी दिवसभर वाफ्याशी उकिडवा बसलेला असतो. साहेब लोक त्याच्या बाजूनं जातात, त्याच्या समोर बोलतात, कारण तो तिथे आहे हे त्यांच्या लक्षातच नसतं. माळ्याला माणूस खालून दिसतो. आधी बूट, मग चाल, मग हात मागे बांधलेत की पुढे, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. वाड्याच्या आतून पाटील कसा दिसतो हे सांगणारे पुष्कळ आहेत. वाड्याच्या पायरीखाली उभ्या असलेल्या माणसाला तो कसा दिसतो, हे निळूभाऊंना ठाऊक होतं. त्यांनी पाटील केला तो पायरीखालच्या माणसाच्या डोळ्यांनी. म्हणून आजीनं त्याला ओळखलं. ती त्याच पायरीखाली उभी राहिलेली होती.

सेवा दलाच्या कलापथकात त्यांची तालीम झाली. १९५७ च्या निवडणुकीच्या सुमाराला त्यांनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य लिहिलं. पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे' मधल्या रोंग्याच्या भूमिकेनं लोकांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. कलापथक म्हणजे काय, तर आज इथे, उद्या तिथे, पारावर नाहीतर शाळेच्या ओट्यावर, कंदिलाच्या नाहीतर बत्तीच्या उजेडात. समोर बसलेला माणूस तुमच्यापासून चार हातांवर. खोटं केलंत तर तो उठून जातो. तिकीट काढलेलं नसतं, त्यामुळे बसून राहायचं त्याला काही कारण नसतं. पुढे शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' हे वगनाट्य आलं, त्याचे प्रयोगावर प्रयोग झाले, आणि अनंत मान्यांनी १९६८ मध्ये 'एक गाव बारा भानगडी' साठी त्यांना घेतलं. अडतिशीत पहिला सिनेमा. नायकाचं वय निघून गेलेलं, गाल आत गेलेले, अंगकाठी बारीक. चरित्र अभिनेता म्हणून ज्याला उभं राहायचं त्याला याहून चांगली शिदोरी नाही, असं मी अनुभवानं सांगतो.

आता आवाजाकडे येतो.

मी नोकरी केली नाशिकरोडला, प्रेसमध्ये, आणि संध्याकाळी तालमी. एका वर्षी कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत मला सावकार मिळाला. मी काय केलं? दातओठ खाल्ले, टेबलावर मुठी आपटल्या, इतका ओरडलो की तिसऱ्या अंकाला घसा बसला आणि शेवटचा प्रवेश कुणालाच ऐकू गेला नाही. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, कारण महिनाभर आम्ही सगळे त्यासाठी राबलो होतो. आमचे दिग्दर्शक वयस्कर होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सावकारानं ओरडायचं कशाला? वही त्याच्याकडे आहे ना?"

निळूभाऊंच्या खलनायकाची किल्ली मला त्या वाक्यात मिळाली. त्यांचा आवाज तसा घोगरा, पट्टी खालची. वाक्य सुरू होताना असतो त्यापेक्षा संपताना तो आणखी खाली जातो. आपण नवखे नट वाक्याच्या शेवटी आवाज चढवतो, ते शेवटचे दोन शब्द ओठातल्या ओठात आणतात. समोरच्याला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागतं. वाकला की संपलं. सत्ता कुणाच्या हातात आहे ते प्रेक्षकाला कळलेलं असतं. आणि हे सगळं करताना शेवटच्या रांगेपर्यंत अक्षर न् अक्षर स्वच्छ पोचतं. खालच्या आवाजात व्यंजनं ठळक ठेवणं ही तालमीची गोष्ट आहे. घरी करून बघा. मी अजून करतो, अजून पुरतं जमलेलं नाही.

'सामना' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची. १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवापर्यंत तो गेला. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर गावभर एकच विचारत फिरतो, मारुती कांबळेचं काय झालं? आणि समोर हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना, संस्था, सगळं त्याचं. उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हिंदुराव समजावून घ्यायला वेगळा अभ्यास लागत नाही. पण निळूभाऊंनी केलेली खरी गोष्ट अशी की हा हिंदुराव मास्तरावर माया करतो. रस्त्यावर भटकणाऱ्या दारुड्या म्हाताऱ्याला तो घरी आणतो, खाऊ घालतो, मान देतो, आणि ते देणं नाटकी वाटत नाही. आपण कर्तबगार आहोत, तालुक्याचं भलं केलं आहे, वाटेत एखादं प्रकरण झालं तर झालं, असं तो मनापासून मानतो. खलनायक करताना आपण वाईट माणूस करतो आहोत हे जो नट विसरू शकत नाही, त्याला हिंदुराव जमणार नाही. लागू धारदार, सुशिक्षित, शब्द तोलणारे, आणि निळूभाऊ मऊ. प्रश्न विचारणारा कठोर आणि अपराधी मायाळू. त्या दोघांनी मिळून मराठी पडद्याला जे दिलं त्याची बरोबरी मला दुसरीकडे सापडलेली नाही.

त्याआधी १९७२ मध्ये रंगभूमीवर तेंडुलकरांचंच 'सखाराम बाइंडर' आलं होतं. दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग, सखाराम निळूभाऊ. नाटकावर बंदी आली, सारंग हायकोर्टात लढले आणि निकाल नाटकाच्या बाजूनं लागला. त्या लढाईवर सारंगांनी पुढे 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तकच लिहिलं. वादाच्या धुरळ्यात सखारामचं काम मात्र बाजूला राहिलं. पुस्तकं बांधणारा हा माणूस नवऱ्यानं टाकलेल्या बायका घरी आणतो, आल्या आल्या त्यांना घरचे नियम ऐकवतो, शिव्या देतो, मारतो, चिलीम ओढतो आणि मृदंग वाजवतो. मृदंग विसरू नका. एकाच अंगात दोन्ही बसवायचं आणि कुठे जोड दिसू द्यायचा नाही. ज्या काळात प्रतिष्ठित नट असल्या भूमिकेच्या वाऱ्याला उभे राहिले नसते, तेव्हा सेवा दलात साने गुरुजींची गाणी म्हणत वाढलेल्या माणसानं ती अंगावर घेतली. मला यात विरोध दिसत नाही. ज्याला अशा माणसाचा खरा राग आहे, तोच त्याला इतका नीट बघतो.

नंतर मिमिक्रीचं पीक आलं. खांद्यावर पंचा टाकायचा, मान तिरकी करायची, "बाई, वाड्यावर या" म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात सुद्धा. याचं मला दुःख आहे आणि ते मी लपवत नाही. एका वाक्यात हा माणूस संपवला गेला. नव्या पिढीला निळू फुले म्हणजे तेवढंच माहीत आहे.

त्या मुलांना मी 'सिंहासन' बघा म्हणतो. १९७९. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा सिनेमा, आणि त्यात निळूभाऊ दिगू टिपणीस आहेत, पत्रकार. मंत्रालयाच्या जिन्यांवरून वरखाली करणारा, सगळं ऐकणारा, काहीच बदलू न शकणारा. ना पाटीलकी, ना टोपी. सारा सिनेमाभर हा माणूस मुख्यतः ऐकत असतो. ऐकण्याचा अभिनय सगळ्यात अवघड, कारण त्यात करायला काही नसतं. शेवटी त्याला जे हसू फुटतं, ते इतका वेळ गप्प बसून साठवलेलं असतं. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' मध्ये ते अप्पाजी झाले, मुख्यमंत्र्याचे गांधीवादी वडील. मी ते नाटक दादरला शिवाजी मंदिरात पाहिलं, मुद्दाम पंचवटी एक्सप्रेसनं जाऊन. रात्री परतीची गाडी नव्हती, पहाटेपर्यंत स्टेशनवर बसून होतो. तिथे माझ्या लक्षात आलं की आवाज तोच होता. पट्टी तीच, वाक्याच्या शेवटी खाली जाणारी. पण हिंदुरावाचा खालचा आवाज ऐकताना अंग आखडतं, आणि अप्पाजींचा ऐकताना गळा दाटतो. त्याचं कारण आवाजात नव्हतं, डोळ्यांत होतं. हिंदुराव समोरच्याला मापत असतो. अप्पाजी समोरच्याला शोधत असतात.

हिंदीतही त्यांनी कामं केली. 'सारांश' मधला गजानन चित्रे आठवा, 'कुली' आठवा. पण त्यावर मी फार बोलत नाही. घर त्यांचं इकडे होतं.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी डॉ. लागू, निळूभाऊ, तनुजा या मंडळींनी अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' घेऊन महाराष्ट्रभर प्रयोग केले. ऐंशीतले दहा देणारा माळी आणि हा नट, मला यात अंतर दिसत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते होते. १३ जुलै २००९ ला ते गेले. त्याच वर्षी त्यांचा 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' आला, आत्महत्या करणाऱ्या शेतकऱ्यांच्या विषयावरचा. आयुष्यभर पडद्यावर ज्यांना लुबाडलं, त्यांच्या बाजूला ते शेवटी कॅमेऱ्यासमोरही जाऊन बसले.

आजीचं राहिलं. बऱ्याच वर्षांनी घरी टीव्ही आला आणि एकदा 'सिंहासन' लागला. आजीला तोवर कमी दिसायचं. ती टीव्हीला अगदी चिकटून बसायची. दिगू बोलायला लागला तशी तिनं मान वर केली. आवाज ओळखला. काही बोलली नाही, शेवटपर्यंत बघत राहिली. टीव्ही बंद केल्यावर म्हणाली, "माणूस गरीब आहे रे बिचारा." मी म्हटलं, "आजी, हाच तो, ओझरच्या तंबूतला." तिचा विश्वास बसेना. बराच वेळ ती अंधारात तशीच बसली, आणि मग मला म्हणाली, "मग आमच्याकडचा तो कोण होता?"