वुदांगच्या पायऱ्या

(धुक्यातल्या दगडी पायऱ्या. झाडूचा आवाज.)

चीनच्या हुबेई प्रांतातला वुदांग पर्वत. ताओपंथीयांचं मोठं तीर्थ.

(केस विंचरणारे हात.)

हे केस कापायचे नसतात. डोक्यावर गाठ बांधून त्यात काटा खोवायचा, झगा चढवायचा आणि पठणाला उभं राहायचं. सकाळी, पुन्हा संध्याकाळी. बाराव्या शतकात वांग छोंगयांग यांनी सुरू केलेला हा छुआनझेन संप्रदाय. लग्न नाही, मांसाहार नाही, मठ हेच घर. लोंगहू पर्वताच्या चंगयी परंपरेतले पुरोहित मात्र संसार करतात, लोकांची मर्तिकंही.

ताओ म्हणजे वाट. ‘ताओ ते चिंग’ या ताओपंथाच्या ग्रंथाची ८१ प्रकरणं आपण सुविचारांसारखी वाचतो. त्यामागची ही रोजची साधना पाहायचीच राहून जाते.

(अंगणात संथ हालचाली.)

हा हात बघा. समोरून येणारा जोर तो अडवत नाही, येऊ देतो आणि वळवतो. ‘वू वेइ’ हे असं, ओढाताण न करता. श्वासाबरोबर फिरते ती ‘ची’. आपण ज्याला प्राण म्हणतो, त्याच्या जवळची.

(विहीर. उभे लोखंडी दांडे.)

ही सुई घासण्याची विहीर. कथा अशी: तप करायला आलेला राजपुत्र कंटाळून डोंगर उतरत होता. वाटेत एक म्हातारी लोखंडाचा दांडा दगडावर घासत बसलेली. ‘आजी, काय करताय?’ ‘सुई.’ राजपुत्र मागे फिरला. तोच पुढे झेनवू देव झाला.

(शिखर. सुवर्णमंदिर.)

उंची १,६१२ मीटर. मंदिर लाकडी वाटतं. कौलं, तुळया, सगळं तसंच. पण हे आहे कांस्य, वर सोन्याचा मुलामा. मिंग सम्राट युंगलोने १४१६ मध्ये उभारलेलं. भाग ओतले बीजिंगमध्ये, आणले जलमार्गाने, जोडले इथे. आत झेनवू बसलेला, केस मोकळे, पाय अनवाणी. पायाशी कासव आणि साप.

(पायथा. जलाशय. जुने दरवाजे.)

दानज्यांगखौ धरणाची उंची वाढली, बीजिंगला पाणी न्यायचं होतं. यूझेन मठाचे हे जुने दरवाजे बुडाले असते. जॅक लावून, हळूहळू, ते जागच्या जागी १५ मीटर उचलले. तीन लाखांहून अधिक माणसांना गावं सोडावी लागली.

(पाण्यावर संध्याकाळ. घंटा. पठण सुरू.)