धाब्यावरच्या पऱ्हाट्या आधी उतरवा

(सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा तालुक्यातल्या एका गावात होळीनंतर झालेलं बोलणं, थोडं नीट करून.)

राम राम मंडळी. बाया-माणसं दिवसभर राबून आलीत, म्हणून लांबण लावत नाही.

डोंगरावर रात्री वणव्याची ती लाल रेघ दिसते ना, दरवर्षी दिसते. कोणी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला पेटवतो, कोणी गव्हाचं काड जाळतो आणि वारं सुटलं की हात वर करतो. आपल्याला वाटतं आग चालत चालत गावाजवळ येईल तेव्हा बघू. तसं नसतं हो. आग लांब असते आणि ठिणगी वाऱ्यावर पुढे येते, घर बहुतेक वेळा त्या ठिणगीनेच जातं.

माझंच सांगतो. आग तीन शेतं लांब, मी ओट्यावर चहा पीत बघत होतो, म्हटलं आपल्याला काय. खळ्यात कडब्याची गंजी होती, तिच्यातून चिलमीएवढा धूर निघाला, बादली घेऊन पळालो तर वरून पाणी टाकतोय आणि आत निखारा तसाच, अर्ध्या तासात गंजी गेली, गोठ्याचं छप्पर गेलं. बैल वाचले कारण पोराने दावी कापली, मी तर गाठच सोडत बसलो होतो! बायको अजून ऐकवते.

आपलं धाब्याचं घर खरं तर चांगलं, वर माती, ती पेटत नाही. पण आपण काय करतो, त्याच मातीवर कापसाच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या रचतो, भिंतीला तुरीच्या तुराट्या टेकवतो, दाराशी गोवऱ्या. म्हणजे घर न पेटणारं आणि त्याला सरण आपणच रचलेलं. तेवढं उतरवा आधी. भिंतीपासून पाच फूट काही पेटणारं ठेवू नका, तीसेक फुटांत गवत कापलेलं, पाला झाडलेला पाहिजे आणि गंजी त्याच्याही पलीकडे. कौलारू घर असेल तर फुटकी कौलं बदला, फटीत पाचोळा साचतो, ठिणगी बरोबर तिथेच जाऊन बसते. केळीवाल्यांनो, बाग हिरवी म्हणून निर्धास्त राहू नका, खालची वाळकी पानं पेटतात आणि ठिबकच्या नळ्या वितळून जातात.

मोटर लावून पाणी मारू असं कोणी म्हणेल. अरे भाऊ, तेव्हा लाईट असेल का? टाकी, ड्रम आधीच भरून ठेवा.

आता निघायचं कधी. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009 ला वणवे लागले, 173 माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त घरातच सापडली. त्यांच्याकडे गाड्या होत्या, रस्ते होते, तरी. म्हणून धूर गावावर यायला लागला की म्हातारी माणसं, लेकरं, गरोदर बाई यांना लगेच हलवा. चढाकडे पळू नका, आग चढाला जोरात पळते, उतार 10 अंशांनी वाढला की वेग जवळपास दुप्पट होतो. त्यापेक्षा नांगरून काळं पडलेलं मोठं शेत बरं, तिथे जळायला काहीच नसतं. अंगात सुती कपडे पाहिजेत, नायलॉनची साडी कातडीला चिकटते. रुमाल बांधा, पण त्याने राख अडते, धूर अडत नाही. सातबारा, आधार, पासबुक, गोळ्या एका पिशवीत घालून ती खुंटीला आजच लटकवा, त्या वेळी कपाटाची किल्ली सापडत नाही. सिलेंडर बंद करायचा, दार लोटून घ्यायचं, कुलपाच्या भानगडीत पडायचं नाही.

ढोरं बांधून ठेवून जाऊ नका. गोठ्याच्या दाराशी विळा टांगलेला पाहिजे. मला त्या दिवशी तो विळाच सापडला नव्हता.

फोन 112 ला करा, जंगलातली आग असेल तर वनखात्याचा 1926 आहे. गाडी यायला वेळ लागतो, तोवर देवळाच्या भोंग्यावरून ओरडायचं कोणी ते ठरलेलं पाहिजे.

बरं, ट्रॅक्टर कोणाकोणाचे चालू आहेत, हात वर करा. तीनच? मग वरच्या पाड्यावर ज्या दोन आज्या एकट्या राहतात, त्यांना खाली कोण आणणार ते आत्ता सांगा, चहा होईपर्यंत मी बसतो इथेच.