शबनम, सुपारी आणि एक फुसकं काडतूस

नमस्कार श्रोतेहो. मला विषय दिलाय 'विमानातून बंदूक नेताना'. हे ऐकून काही जणांचा हात रेडिओचा कान पिळायला पुढे गेला असेल. जरा थांबा. तुमच्या घरी बंदूक नसेल, पण पिशवी आहे ना? मग हे तुमच्याही कामाचं आहे.

बंदूक घेऊन विमानात बसतं तरी कोण? आपल्याकडे शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली. आजोबांची बारा बोअरची आता माळ्यावर नाहीतर पोलीस ठाण्यात जमा. माझा भाचा अमेरिकेत असतो, तो शेजाऱ्याबरोबर हरणाच्या शिकारीला विमानानं जातो. तिथे रीत सरळ आहे. रायफल रिकामी करायची, टणक पेटीत घालायची, कुलूप लावायचं आणि काउंटरवर तोंडानं सांगायचं, 'यात बंदूक आहे.' किल्ली आपल्याच खिशात. आपल्याकडे विमानानं रायफल नेतात ती मुख्यतः नेमबाज पोरं. बालेवाडीच्या रेंजवर सराव करायचा, लोहगावला विमान धरायचं आणि दिल्लीला तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर स्पर्धा खेळायची, हा त्यांचा ठरलेला रस्ता. (रस्ता म्हणजे काय, बालेवाडीहून निघून विद्यापीठ चौक ओलांडेपर्यंतच निम्मं दिल्ली येतं. ते असो.)

नियम थोडक्यात सांगतो. बंदूक कधीही हातातल्या सामानात नाही. ती चेक-इनच्या सामानात, रिकामी, बोल्ट (मागचा सरकता दांडा) काढून, कुलूपबंद पेटीत. काडतुसं निराळी बांधलेली, हलणार नाहीत अशी, आणि माणशी 5 किलोच्या आत. स्पर्धेत वापरतात त्या छोट्या पॉइंट टू-टूच्या 50 काडतुसांची डबी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे स्पर्धेपुरती सहज बसतात. आपली काडतुसं दुसऱ्याच्या पेटीत घालायची नाहीत. विमान कंपनीला आधी कळवायचं, कारण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. आणि परवाना वाचायचा. तो नुसता महाराष्ट्रापुरता आहे की भारतभराचा, हे विमानतळावर कळून उपयोग नाही. एअर रायफलवाल्यांनी हवेचं सिलिंडर घरीच रिकामं करायचं. झालं. पुन्हा सांगतो: रिकामी, कुलूपबंद, सांगून.

एक मात्र माझ्या डोक्यात जातं. लोक सर्रास म्हणतात, 'बॅगेत गोळी सापडली.' अहो, गोळी म्हणजे पुढचा शिशाचा तुकडा, जो उडतो तो. पितळी नळी, आतली दारू आणि ती गोळी मिळून काडतूस. उडाल्यावर मागे राहते ती पुंगळी. मराठीत तीन शब्द आहेत, वापरा की!

तर आता काडतुसाची गोष्ट. मी पोरांना नेमबाजी शिकवतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी माझं एकच पालुपद असतं, 'खिसे उलटे करा.' जॅकेटचे, पँटचे, सॅकचे, बुटांच्या पिशवीचे. घरी मशीनमध्ये पँट टाकण्याआधी आई खिसे बघते, तसं. त्या वर्षी दिल्लीच्या स्पर्धेला सहा पोरं होती आणि मी. पहाटे तीनला लोहगावला पोचलो. काउंटरवर पेट्या उघडल्या, बोल्ट बाहेर, नळ्यांतून आरपार केशरी दोऱ्या, नळी रिकामी दिसावी म्हणून. परवाने, यादी, स्पर्धेचं पत्र, सगळं चोख. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, तुमच्यासारखे कागद कुणी आणत नाही." मी फुगलो.

पुढे तपासणी. पोरं पटापट पलीकडे गेली. माझी शबनम पिशवी मात्र यंत्रात गेली ती आतच राहिली. पट्टा मागे, पुढे, परत मागे. पडद्यासमोरच्या जवानानं दुसऱ्याला खुणावलं.

"बाबूजी, इसमें क्या है?"

म्हटलं, "सुपारी असेल." मी अडकित्तासुद्धा घरी ठेवून आलो होतो, उगाच वाद नको म्हणून. अख्खी सुपारी तेवढी होती. त्यानं पिशवी उलटी केली. चष्म्याचं घर, पंचांग, सुपारीची डबी. पिशवी रिकामी. पुन्हा यंत्रात घातली, तर ते आहेच! मग त्यानं अस्तर चाचपलं. कोपऱ्यात शिवण उसवली होती, तिथून दोन बोटं आत घातली आणि बाहेर काढलं पॉइंट टू-टूचं एक काडतूस. बोटाच्या पेराएवढं, सोन्यासारखं लखलखीत.

बघताक्षणी ओळखलं मी त्याला. काठावर पिनेची खळगी होती. दोन महिन्यांपूर्वी सरावात एका पोराचं काडतूस फुसकं निघालं होतं, बंदुकीची पिन आपटली तरी उडालंच नाही. ते मी त्याच्याकडून घेतलं. फुसक्यांचा डबा रेंजच्या त्या टोकाला, आणि नेमका चहा आला. टाकलं शबनममध्ये, म्हटलं नंतर बघू. ते नंतर आता आलं होतं.

काचेपलीकडे सहाच्या सहा पोरं एका रांगेत उभी. सगळ्यांत धाकटी, आठवीतली, अगदी निरागसपणे म्हणाली, "सर, खिसे उलटे केले होते ना?"

पुढे काय होतं ते सांगतो, कारण हे कुणाच्याही बाबतीत घडू शकतं. न उडालेलं काडतूस कायद्याला जिवंतच. शस्त्र कायदा 1959 चा. न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलंय की बाळगणाऱ्याला त्याची जाणीव होती हे दिसलं पाहिजे. पण ते दिसेस्तोवर विमान उडालेलं असतं. माझ्याकडे निदान परवाना होता. ज्याच्याकडे तोही नाही, मामाच्या गावाहून आणलेली जुनी सॅक आहे नुसती, त्याचे हाल विचारू नका. मी पंचनामा बघितला, जबाब दिला, पोरं एका पालकाबरोबर पुढे पाठवली. परवान्याच्या प्रती काढायला सांगितलं, तर पहाटे झेरॉक्सचं दुकान कुठे उघडं असतं? दहा वाजेपर्यंत बाकड्यावर बसून होतो.

(स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य घेतलं तेव्हापासून पालक येऊन विचारतात, "सर, किती दिवसांत मेडल?" त्यांना मी आधी पाकिटं, पिशव्या आणि खिसे तपासायला लावतो. निम्मे तिथेच गळतात.)

संध्याकाळी पुणे स्टेशनवरून झेलम धरली. दुसऱ्या रात्री दिल्ली. धाकटीची पात्रता फेरी तोवर आटोपली होती, आणि चांगली झाली होती. तिनं माझ्या हातातली शबनम घेतली, आतबाहेर नीट चाचपली आणि परत दिली. बोलली काही नाही.

अख्खा दिवस गाडीत सुपारी होती जवळ, पण फोडायला काही नाही. अडकित्ता घरी. झेलममध्ये तो चालला असता.