काजळाची रेघ

(दृश्य : हातातला छोटा आरसा. आरशात फक्त एक डोळा.)

रात्रीचे साडेदहा वाजलेत. कुडाळ तालुक्यातल्या एका गावची जत्रा. बाहेर खाज्याच्या दुकानांवर झुंबड उडालीय आणि देवळाच्या कोपऱ्यात, पेटाऱ्याला पाठ टेकून, एक माणूस आपली भुवई कोरतोय. आज तो तारामती होणार आहे. दशावतारात, म्हणजे कोकणातल्या या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, स्त्रीपार्टी परंपरेनं पुरुषच करतात, आणि रंग ज्याचा त्यानंच लावायचा.

काजळाची रेघ तो डोळ्याच्या कडेपासून बरीच बाहेर ओढतो. मांडवाच्या टोकाला, माडाखाली उभ्या असलेल्या माणसालाही ती नजर दिसायला हवी ना!

(दृश्य : पखवाजावर थाप. काळ्या वेषातला संकासुर.)

आधी आड दशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग. वेद पळवणारा हा संकासुर पाहा. त्याचं तोंड काळ्या कापडानं झाकलेलं. त्यामुळे त्याला सगळं करावं लागतं ते मानेनं, खांद्यांनी आणि मालवणी बोलीनं. पोरं खदखदून हसतात. पण त्याच्यासाठी कुणी रडत नाही. रडायला समोर चेहरा लागतो.

मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा सुरू होते. आज ती राजा हरिश्चंद्र आणि राणी तारामतीची. सामान म्हणाल तर एक बाकडं, तेच सिंहासन. हातात लिहिलेली संहिता नाही. कथा ठरलेली, संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे. इथं चेहऱ्याला दुहेरी काम असतं. तो प्रेक्षकाला भाव सांगतो आणि सोबतच्या नटाला खूणही करतो. हरिश्चंद्राची नजर किंचित पेटीवाल्याकडे वळली, की पद येणार हे सोबतच्या नटानं ओळखायचं. नीट लक्ष ठेवून पाहिलंत तर तुम्हालाही ती खूण सापडेल.

भरताच्या नाट्यशास्त्रात नुसत्या दृष्टींचे ३६ प्रकार सांगितलेत. भुवयांचे ७, नाकाचे ६. चेहऱ्यावर चढणाऱ्या रंगाला तिथं मुखराग म्हटलंय. अंगाचा अभिनय थोडका असला, तरी मुखरागानं त्याची शोभा दुप्पट होते, चंद्रानं रात्रीची व्हावी तशी. इथल्या कलाकारांनी हे थोरामोठ्यांच्या मागे उभं राहून, रात्रीमागून रात्री पाहत उचललंय.

(दृश्य : स्मशानाचा प्रसंग. कॅमेरा चेहऱ्यावर स्थिर. पेटीचा एकच सूर.)

मांडीवर रोहिदास. तारामती अजून रडत नाही. आधी नाकपुड्या फुलतात. मग खालचा ओठ दाताखाली जातो, सुटतो, पुन्हा जातो. पापणी मिटत नाही. पुढच्या रांगेतली म्हातारी पदराचा बोळा तोंडाशी नेऊन शेजारणीला म्हणते, ‘‘खराच रडता गो ती!’’ डोळ्यांतून पाणी येतं ते त्यानंतर.

हल्ली जाहिरातींत ट्रिकसीन, म्हणजे युक्तीनं दाखवलेला चमत्कार, मोठ्या अक्षरांत असतो. धूर, लाल-हिरवे झोत. गर्दी वाढते हे खरं, आणि मंडळ चालवायचं तर गर्दी हवीच. पण त्या धुरात हा ओठ दिसत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. निदान तारामतीच्या वेळी तरी पांढरा दिवा असावा.

(दृश्य : पहाट. दहीहंडी फुटते.)

दहीकाला झाला. नट खोबरेल तेलानं रंग पुसतोय. गाल मोकळे झाले, कपाळ मोकळं झालं. काजळ मात्र पापण्यांच्या मुळाशी तसंच राहिलंय, आणि ते डोळे घेऊनच तो टेम्पोत पेटाऱ्याशेजारी बसतो. आज रात्री दुसरं गाव.