पट्टी आधी, मशीन मग

(दृश्य : लालबागमधल्या चाळीची गॅलरी. पाऊस. दोरीवर दोन दिवस न वाळलेले कपडे.)

जुलैमधली रात्र, दोन वाजून गेलेले. टाइप वन मधुमेह असलेला माझा अकरा वर्षांचा भाचा पलंगाच्या कडेला बसून बादलीत ओकतोय आणि ताई ट्यूबलाइटखाली लघवीत बुडवलेली एक पट्टी धरून उभी आहे. दुसऱ्या हातात पट्ट्यांची बाटली. बाटलीवर रंगांचे चौकोन, फिकट गुलाबीपासून गर्द जांभळ्यापर्यंत. ताईच्या हातातली पट्टी मात्र होती तशीच, पांढुरकी. शुगर आली होती ३१०. पट्टीच्या हिशेबाने कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, नव्हते.

ताईने पट्टीवर भरवसा ठेवला. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, पोट बिघडलं असेल, सकाळी डॉक्टरांना दाखवू.

सहाच्या सुमाराला पोरगा धापा टाकायला लागला. तोंडाला जास्त पिकलेल्या फळांसारखा वास. टॅक्सी केली, हॉस्पिटल गाठलं. तिथे बोटाला टोचून रक्तातले कीटोन मोजणारं मशीन लावलं आणि दहा सेकंदांत आकडा आला : ५.२.

(दृश्य : पट्टीवर रक्ताचा थेंब. मशीनचा पडदा, आकडे उलटे मोजले जातायत.)

हा ५.२ म्हणजे किती, हे ताईला कळेना. शुगरचे आकडे शेकड्यात बघायची सवय. शुगर मिलिग्रॅममध्ये मोजतात, रक्तातले कीटोन मिलिमोलमध्ये. त्यामुळे पाच म्हटलं की एवढंसंच वाटतं. प्रत्यक्षात ०.६च्या खाली असलं तर ठीक. ०.६ ते १.५ म्हणजे गडबड सुरू झाली, तासा-दोन तासांनी परत बघायचं. १.५च्या पुढे डॉक्टरांना फोन. ३च्या पुढे थेट हॉस्पिटल, वाट बघत बसायचं नाही.

कीटोन येतात कुठून? टाइप वनच्या मुलाच्या अंगात स्वतःचं इन्सुलिन तयार होत नाही. बाहेरून दिलेलं कमी पडलं, किंवा ताप-उलट्यांत शरीराची गरज वाढली, की रक्तात साखर भरपूर असूनही पेशींपर्यंत ती पोचत नाही. मग शरीर चरबी जाळायला घेतं. त्या जळण्यातून ही आम्लं निघतात आणि साठत गेली की रक्तच आंबट व्हायला लागतं. ते आम्ल बाहेर फेकायला शरीर खोल, जोरजोरात श्वास घेतं. १८७४ साली कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरने मधुमेहाच्या रोग्यांमधला हा श्वास लिहून ठेवला. तेव्हा इन्सुलिन नव्हतं, त्यामुळे वर्णन करण्यापलीकडे त्याच्या हातात फारसं काही नव्हतं.

आता पट्टीचं.

(दृश्य : मोरीवरची लाकडी फळी. साबण, टूथब्रश, मगाशेजारी एक प्लास्टिकची बाटली.)

ताईने ती बाटली आदल्या दिवाळीत उघडली होती आणि ठेवली होती इथे, मोरीवरच्या फळीवर. लघवी तपासायची तर वस्तू मोरीजवळच बरी, एवढाच विचार. पण पावसाळ्यात ज्या शहरात बरणीतलं मीठ पाणी सोडतं आणि पापड तासाभरात मऊ पडतो, तिथे मोरीवर पट्टीचं काय होणार? पट्टीच्या टोकाला नायट्रोप्रुसाइड नावाचं रसायन असतं, लघवीतल्या कीटोनशी गाठ पडली की ते जांभळं होतं. हवा आणि ओल लागून ते मेलं, की पट्टी रंगच बदलत नाही. आणि रंग बदलला नाही याचा अर्थ आपण काय लावतो? सगळं ठीक आहे.

बाटली उघडल्यावर किती दिवसांत संपवायची ते तिच्यावर छापलेलं असतं. वाचतो कोण? मी तरी कधी वाचलं नव्हतं.

बरं, पट्टी ताजी असली तरी वेळेची भानगड आहेच. बुडवल्यावर साधारण पंधरा सेकंदांनी रंग जुळवायचा. मिनिटभराने बघितला तर गडद दिसणारच. त्यात रात्रीचा दिवा पिवळा असेल, किंवा बघणाऱ्या आजीच्या डोळ्यांवर मधुमेहाने आधीच परिणाम केला असेल, तर गुलाबी कुठला आणि जांभळा कुठला? शिवाय चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. तापाने फणफणलेल्या पोराला तिथवर नेऊन वाटीत लघवी धरायची, तीही अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे होत नसताना.

पण याहून मोठा फरक आहे तो मापाचा. लघवीची पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट दाखवते. हे कीटोनांमधलं एक. संकटात सगळ्यात जास्त वाढतं ते दुसरं, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, आणि ते तिला दिसतच नाही. रक्ताचं मशीन नेमकं तेच मोजतं. लघवी तासन् तास मूत्राशयात साठलेली, म्हणजे बातमी शिळी. रक्ताची बातमी आत्ताची.

याचा उलटा अनुभव ताईने वॉर्डात घेतला. दुसऱ्या दिवशी पोरगा उठून बसला होता, बिस्किट मागत होता. नर्सने नव्या बाटलीतली पट्टी लघवीत बुडवली तर ती गर्द जांभळी. ताईच्या पोटात गोळा. मशीनवर आकडा मात्र १.१. बरं होताना पट्टीला न दिसणाऱ्या कीटोनचं रूपांतर दिसणाऱ्यात होतं, म्हणून रक्त सुधारत असताना लघवी घाबरवते.

(दृश्य : मरीन लाइन्स स्टेशन. प्रिन्सेस स्ट्रीटवरची सर्जिकलची दुकानं.)

घरी आल्यावर ठरलं, मशीन घ्यायचं. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये शुगरची मशीन चार कंपन्यांची, कीटोनचं विचारलं की समोरचा माणूस डाएटची पावडर दाखवतो. म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट. पाटीवर शामलदास गांधी मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारून बघा. एका दुकानदाराने दोन मिनिटांत सगळा विषय संपवला. "मशीन आत्ता देतो हो. पट्टी मागवावी लागेल."

मशीन एकदा घ्यायचं, पट्टी कायमची. म्हणून आधी पट्टी मिळते का, किती दिवसांत मिळते आणि तिची एक्सपायरी काय, हे तीन प्रश्न. मशीनचा पडदा, आठवणीत किती आकडे राहतात, हे नंतर. फ्रीस्टाइल ऑप्टियम निओसारख्या मशीनवर शुगर आणि कीटोन दोन्ही होतात, पण पट्ट्या वेगवेगळ्या. घरातल्या साध्या शुगरच्या मशीनमध्ये कीटोनची पट्टी चालत नाही. कीटोनच्या पट्ट्या सहसा दहाच्या खोक्यात, प्रत्येक वेगळ्या पाकिटात बंद. मुंबईच्या हवेत ही मोठी सोय. भाव शुगरच्या पट्टीच्या कैक पट, हेही खरं. आजारपणाच्या एका दिवसात पाच-सहा सहज जातात, म्हणून एकच उरली असताना दुकान शोधायला निघू नये.

पैसे कमी असतील तर? तर लघवीचीच पट्टी, पण ताजी, कोरड्या डब्यात, झाकणावर उघडल्याची तारीख घालून. काहीच नसण्यापेक्षा ती कितीतरी बरी. श्वास फुंकून कीटोन बघायची यंत्रं मिळतात, ती वजन उतरवणाऱ्या हौशी मंडळींना लखलाभ. मधुमेहात त्यांच्यावर विसंबू नये.

टाइप टू असलेल्या, फक्त मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्या बहुतेकांना हे मशीन लागणारही नाही. उगीच घेऊ नका. मात्र डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांपैकी एखादी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं मूळ पेटंट २०२० मध्ये संपलं, स्वस्त गोळ्या आल्या, आणि आता ती घराघरांत आहे. या गोळ्यांवर शुगर १८० असतानाही कीटोन धोक्याच्या वर जाऊ शकतात. ऑपरेशनआधी तीनेक दिवस त्या थांबवतात ते यासाठीच. नवरात्राचे नऊ दिवस पाण्यावर काढणारे आमचे काका हीच गोळी घेतात, हे मला या सगळ्या प्रकरणानंतर कळलं. उपवास त्यांनी सोडला नाही. डॉक्टरांशी बोलून गोळी तेवढे दिवस बंद ठेवली.

(दृश्य : ताईचं स्वयंपाकघर. भिंतीवर कालनिर्णय.)

मशीन आता कपाटात वरच्या खणात, स्टीलच्या डब्यात असतं. डब्याच्या झाकणावर स्केचपेनने लिहिलंय : शुगर दोनदा २५०च्या वर, ताप किंवा उलटी – तपासा. खाणं बंद असलं तरी इन्सुलिन बंद नाही. खाली डॉक्टरांचा नंबर.

कालनिर्णयवर दुधाचे खाडे, गॅसची तारीख, आणि मार्चच्या पानावर पेन्सिलीने एक गोल. पट्ट्यांची एक्सपायरी. भाचा म्हणतो, माझ्या परीक्षेच्या तारखेलाही आई एवढा मोठा गोल काढत नाही.