बुचाची काजळी आणि अस्सलपणाचा दावा

श्रोतेहो, मिन्स्ट्रेल शो, म्हणजे गाणी-नाच-विनोदांचा जुना अमेरिकी खेळ, म्हटलं की काळा रंग फासलेला चेहरा आठवतो आणि चर्चा बहुधा तिथेच संपते. त्या चेहऱ्याकडे आपण येऊच, पण मला तुमचं लक्ष त्यामागच्या एका दाव्याकडे वेधायचं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीय माणसाचं सोंग रचलं आणि ते 'अस्सल' म्हणून विकलं. ते इतकं खपलं की पुढे खुद्द कृष्णवर्णीय कलावंतांनाही त्या सोंगाशिवाय रंगमंच मिळेना.

थॉमस डार्टमाउथ राइस हा न्यूयॉर्कचा गोरा नट १८३० च्या सुमारास फाटक्या कपड्यांत 'जिम क्रो' हे पात्र नाचवू लागला. दक्षिणेतल्या वंशभेदाच्या कायद्यांना पुढे हेच नाव चिकटलं. पण राइस एकटा होता. पूर्ण रात्रीचा खेळ उभा राहिला तो १८४३ पासून. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये डॅन एमेट, बिली व्हिटलॉक, डिक पेल्हम आणि फ्रँक ब्रॉवर हे चौघे 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' म्हणून एकत्र आले. फिडल, बँजो, टॅम्बरिन आणि बोटांत धरून वाजवायच्या हाडांच्या पट्ट्या, एवढाच त्यांचा सरंजाम. यातला बँजो मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी भोपळ्यावर कातडं ताणून घडवलेलं वाद्य.

एडविन ख्रिस्ती आणि इतर कंपन्यांनी या खेळाची तीन भागांची घडी बसवली. पहिल्या भागात सगळे अर्धवर्तुळात बसत. मधोमध इंटरलोक्यूटर, म्हणजे सूत्रधार, झोकदार पोशाखाचा आणि शुद्ध, भारदस्त भाषेचा. दोन टोकांना टॅम्बो आणि बोन्स, म्हणजे टॅम्बरिन आणि हाडांच्या पट्ट्या वाजवणारे विनोदी नट. आपल्या तमाशात सरदार प्रश्न टाकतो आणि सोंगाड्या तो उलटवतो, तसाच हा मामला. मात्र तिथला सोंगाड्या एका अख्ख्या समाजाचा 'नमुना' म्हणून उभा केलेला असे. दुसऱ्या भागात, म्हणजे ओलिओत, पडद्यापुढे सुटे प्रकार होत. त्यातलं 'स्टंप स्पीच' हे मला सगळ्यांत विषारी वाटतं. मोठमोठे शब्द चुकीचे वापरणारा कृष्णवर्णीय वक्ता त्यात दाखवत. गुलामी संपून मताधिकाराचा प्रश्न आला, तेव्हा या नागरिकाला राज्यकारभारातलं काय कळणार, असं सुचवायला हे हत्यार तयारच होतं. शेवटचा भाग म्हणजे मळ्यावरचं छोटं नाटुकलं किंवा गाजलेल्या नाटकाचं विडंबन.

आता तो चेहरा. १९०२ च्या एका मार्गदर्शक पुस्तिकेत त्याची कृतीच दिली आहे. बुचं पत्र्याच्या भांड्यात घ्यायची, अल्कोहोलने भिजवायची आणि पेटवायची. कोळसा झाला की कुटून भुकटी करायची, पाण्यात दाट कालवायची आणि डब्यांत भरून ठेवायची. चेहऱ्याला आणि हातांना आधी कोकोआ बटर चोळायचं, म्हणजे खेळ संपल्यावर काजळी कोरड्या फडक्याने निघते. मग लहान स्पंजने लेप द्यायचा. ओठांभोवती अर्धा इंच जागा सोडायची. विनोदी पात्र असेल तर आणखी जास्त, आणि ओठांवर लाल रंग लावायचा, म्हणजे तोंड मोठं दिसतं. या मापातच सगळा हेतू उघड होतो. हुबेहूब दिसायचं असतं, तर तोंड मोठं करायची गरज नव्हती.

हे पाहायला येणारे बरेचसे उत्तरेकडच्या शहरांतले गोरे कामगार होते. मळा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे दाव्याची खातरजमा करणारं प्रेक्षागृहात कोणी नव्हतं. गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी मात्र १८४८ मध्येच आपल्या वर्तमानपत्रात या नटांवर आसूड ओढला होता: निसर्गाने यांना न दिलेला रंग हे आमच्याकडून चोरतात आणि त्यावर पैसा कमावतात.

यादवी युद्धानंतर, १८६५ पासून, 'जॉर्जिया मिन्स्ट्रेल्स'सारख्या कृष्णवर्णीयांच्याच कंपन्या निघाल्या. पगारी काम, प्रवास, नाव मिळवण्याची वाट त्यांना याच दारातून होती, म्हणून त्यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्यातल्या विनोदी नटांनाही काजळी फासावी लागे. बहामात जन्मलेले बर्ट विल्यम्स उजळ वर्णाचे; तेही चेहरा काळा करूनच रंगमंचावर येत. १९०३ मध्ये जॉर्ज वॉकर यांच्यासोबत त्यांनी कृष्णवर्णीयांनीच रचलेलं संगीत नाटक ब्रॉडवेवर नेलं, पण काजळी सुटली नाही.

हा खेळ आपल्याकडेही आला होता. डेव्ह कार्सन हा मिन्स्ट्रेल नट १८६० च्या दशकात हिंदुस्थानात आला. त्याने साचा तोच ठेवला आणि पात्र बदललं: इंग्रजांच्या करमणुकीसाठी 'बंगाली बाबू' रंगवला. कलकत्त्यात अर्धेंदुशेखर मुस्तफी यांनी १८७३ मध्ये 'मुस्तफी साहेब का पक्का तमाशा' काढून साहेबाचंच सोंग वठवलं आणि त्याला उत्तर दिलं.

रंगमंचावरून हे सोंग १९२७ मध्ये बोलपटात गेलं आणि पाठोपाठ रेडिओवर. ब्रिटनमध्ये तर बीबीसीने 'द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' १९५८ ते १९७८ अशी तब्बल वीस वर्षं चालवला. १९६७ मध्ये तो बंद करण्याची मागणी करणारा अर्ज आला होता, तरीही.

शेवटी पुन्हा डॅन एमेटकडे. १८५९ मध्ये 'डिक्सी' हे गाणं त्याच्या नावाने रंगमंचावर आलं आणि पाहता पाहता गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचं जणू राष्ट्रगीत झालं. एमेट ओहायोतल्या माउंट व्हर्ननचा. त्याच परिसरात स्नोडेन हे कृष्णवर्णीय वादकांचं कुटुंब राहत होतं. 'डिक्सी' एमेटला यांनीच शिकवलं, असं बेन आणि लू या स्नोडेन भावांच्या थडग्यावर कोरलेलं आहे. अभ्यासकांत त्यावर वाद आहे. २०१० मध्ये 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' या कृष्णवर्णीय वादकांच्या त्रयीने एमेटच्या संग्रहातली एक धून ध्वनिमुद्रित केली, तेव्हा तिला नाव दिलं 'स्नोडेन्स जिग'.